तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ते अतिरेकीच ना?’

ग्वांतानामो म्हणजे क्यूबा बेटावरचा अमेरिकेचा लष्करी तुरुंग; ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, अफगाणिस्तानातल्या युद्धात पकडलेली माणसं तिथे ठेवली. त्याचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. “ते अतिरेकीच ना? मग त्यांचा एवढा पुळका कशाला?” विचारणारी माणसं वाईट नसतात, बरेचदा माझ्या जवळचीच असतात. म्हणून एरवी मी हसून विषय बदलते. आज तुम्ही थेटच विचारलंत, तर सांगते.

माझं घोडं त्या ‘ना’पाशी अडतं. अतिरेकी आहेत हे कुणी ठरवलं? आणि त्या माणसाला समोर बसवून ठरवलं का?

हे विचारणं मानवी हक्कवाल्यांचं खूळ नाही, लष्कराचीच जुनी रीत आहे. पकडलेला माणूस नेमका कोण याबद्दल शंका असेल, तर न्यायाधिकरण ठरवेपर्यंत त्याला युद्धकैदी म्हणूनच वागवायचं, असं १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचं पाचवं कलम सांगतं. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेने ते पाळलं होतं. शंकेच्या जवळपास बाराशे माणसांची सुनावणी झाली. युद्धकैदी ठरले ३१०. उरलेले साडेआठशेहून जास्त लोक धावपळीत सापडलेले साधे नागरिक निघाले. दर चारांतले तीन! आणि हे शोधून काढलं ते अमेरिकी लष्करानेच.

अकरा वर्षांनी याच देशाने ही सुनावणी गाळून टाकली. ७ फेब्रुवारी २००२ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी एका सहीत ठरवलं, की तालिबानचा एकही माणूस युद्धकैदी नाही. म्हणजे शंकेला जागाच ठेवली नाही. तोवर ग्वांतानामोत माणसं पोचलीही होती. ११ जानेवारीला पहिली वीस आली. त्यांचा तो फोटो तुम्ही पाहिला असेल: नारिंगी कपडे, खडीवर टेकवलेले गुडघे, काळे केलेले गॉगल, कानांवर जाड झाकणं, हातात मोजे. चोरून काढलेला नाही, खुद्द संरक्षण खात्याने दिलेला. मला त्यात दरवेळी एकच गोष्ट दिसते. या माणसांना काही दिसू नये, ऐकू येऊ नये याची चोख व्यवस्था आहे. त्यांना काही विचारायची मात्र नाही.

आता ही माणसं तिथे आली कुठून ते बघा. अमेरिकी विमानांनी अफगाणिस्तानात पत्रकं टाकली होती. अतिरेकी पकडून द्या, इतका पैसा मिळेल की घरदार, गाव, टोळी जन्मभर बसून खाईल, अशा अर्थाची. दुष्काळ आणि युद्धाने पिचलेल्या मुलखात असा कागद आकाशातून पडला की काय होणार, हे सांगायला गुप्तहेर लागत नाही. पुढे २००६ मध्ये सेटन हॉल विद्यापीठाच्या कायदा विभागाने सरकारचीच कागदपत्रं चाळली. अमेरिकी सैन्याने स्वतः पकडलेले निघाले फक्त ५ टक्के. बहुतेक जण पाकिस्तानने किंवा अफगाणिस्तानातल्या नॉर्दर्न अलायन्स या तालिबानविरोधी आघाडीने हवाली केलेले.

२००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान टोचले, तेव्हा कुठे सुनावण्या सुरू झाल्या. त्याही कशा, तर वकील नाही आणि गुप्त पुरावा कैद्याला दाखवायचा नाही. तरीही ५५८ पैकी ३८ जण सुटलेच. त्यांच्या कागदावर काय लिहिलं? ‘आता शत्रू योद्धा राहिलेला नाही.’ ‘राहिलेला’ नाही! म्हणजे आधी होता, मधल्या काळात हवापालट होऊन बरा झाला असावा. चूक झाली हे कबूल करायचं नसलं की सरकारी भाषेला कशी पालवी फुटते!

त्या ३८ मध्ये पाच उईगर, म्हणजे चीनमधल्या मुस्लिम अल्पसंख्याक समाजाचे लोक होते. चीनमधून पळून आलेल्या एकूण २२ उईगरांना तिथे ठेवलं होतं. चीनला परत पाठवलं तर छळ होणार, अमेरिका स्वतः ठेवून घेणार नाही, मग पाठवायचं कुठे? कुणी अल्बानियात गेलं, कुणी बर्म्युडाला, कुणी प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांवर. शेवटचे तिघे स्लोव्हाकियात पोचले तेव्हा २०१३ चा डिसेंबर संपत आला होता.

“पण खरे गुन्हेगारही होतेच की तिथे,” असं तुम्ही म्हणाल. होते. खालिद शेख मोहम्मद होता, ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा सूत्रधार. मला त्याच्याबद्दल काडीची दया नाही. पण त्याच्या बाबतीत काय केलं? २००३ च्या मार्चमध्ये सीआयएने त्याला १८३ वेळा पाण्याने गुदमरवलं. अशा छळातून निघालेलं काहीही न्यायालयात टिकत नाही, म्हणून वर्षानुवर्षं वाद चालला आहे तो कुठला जबाब घ्यायचा आणि कुठला टाकायचा याचा. त्या दिवशी २,९७७ माणसं मारली गेली. त्यांच्या घरचे सुनावणीसाठी विमानाने त्या बेटावर जातात, काचेपलीकडून तारीख पडलेली बघतात आणि परत येतात. मुख्य खटला अजून उभाच राहिलेला नाही.