अठरावी नव्हे, सतरावी

नौपाड्यातून पेटी (हार्मोनियम) सुरात लावायचं बोलावणं आलं, म्हणून कानस-चिमटे पिशवीत टाकून गेलो. दार उघडणारा मुलगा म्हणाला, "काका, पेटी नाही, हा लावायचाय." टेबलावर मधाच्या पोळ्यासारखा कीबोर्ड. नुसत्या षटकोनी पट्ट्या. भाता नाही, रीडच्या धातूच्या पात्या नाहीत, घासायचं काय?

त्यानं सप्तकाचे 53 सारखे भाग केले होते, एकेक साधारण 22.6 सेंटचा (सेंट म्हणजे सुरांतलं अंतर मोजायचं माप). पेटीत 12 भाग, 100-100 सेंटचे. शेजारची उजवी पट्टी 9 भाग वर, उजवीकडची वरची तिरकी 5, खालची तिरकी 4. सात शुद्ध स्वरांच्या पट्ट्या त्यानं निळ्या केल्या होत्या. मला फक्त कान द्यायचा होता.

बहिणीचा तानपुरा त्यानं छेडला. पंचम 31 भागांवर, असा मिसळला की वेगळा ऐकूच येईना. गंधार आला आणि माझा चेहरा वाकडा झाला.

"चढलाय."

"काका, नऊ नि नऊ अठरा. मशीन चुकत नाही."

मशीन चुकलं नव्हतंच. अठरा भाग म्हणजे 407.5 सेंट. खरजाच्या तारेतून आपसूक निघणारा गंधार मात्र 386 चा. पेटी असती तर रीड मुळाशी घासून उतरवला असता (शेंड्याला घासलं की सूर चढतो). इथे काय उतरवणार?

मुलानं बोटांवर मोजलं. उजवीकडे तिरकं वर गेलं की 5 चढले, तिथून डावीकडे तिरकं वर गेलं की 4 उतरले, म्हणजे सरळ वर एक ओळ सोडून असलेली पट्टी एकाच भागानं चढी. तशीच सरळ खालची एकानं उतरी. तिथे सतरावा, 384.9. दाबला, आणि तानपुऱ्यात विरघळला. सूर बदललाच नाही, फक्त निळा रंग दोन ओळी खाली सरकला. धैवत-निषादही तसेच उतरवले.

मग मी कागद मागितला. सप्तकातल्या 22 श्रुतींमधली, म्हणजे सूक्ष्म सुरांमधली, अंतरं तीन मापांची: दहा प्रमाण, पाच न्यून, सात पूर्ण. त्यांचे त्याच्या हिशेबात 1, 3 आणि 4 भाग होतात. दहा, पंधरा, अठ्ठावीस. बेरीज 53! मी दोनदा तपासली. तो हसत होता.

"आता काळी चारला सा घ्या," तो म्हणाला. मी घेतला. बोटं तशीच, आकार तोच, गंधार बरोबर. माझ्या गंधार ट्यूनिंगच्या, म्हणजे असा तानपुऱ्याशी जुळणारा गंधार लावलेल्या, पेट्या एकाच सा-ला बांधलेल्या असतात; दुसऱ्या सुराचा गायक आला की दुसरी पेटी.

मजुरी किती, त्यानं विचारलं. कानस पिशवीतून बाहेरही आली नव्हती. म्हटलं, चहा टाक.