बाई, कॅरिअर सोडा!

गेल्या वर्षी दिवाळीनंतर शेजारच्या काकूंना सायकल शिकवायची म्हणून मी आठ दिवस त्यांच्या मागे पळाले. काकू 58 वर्षांच्या, मी 44 ची. त्या सीटवर, माझा हात कॅरिअरवर, आणि पहाटे साडेपाचला कॉलनीतून आमची वरात. हात धरला की काकू झकास चालवायच्या, सोडला की चार पावलांवर कलंडायच्या. नवव्या दिवशी माझी कंबर धरली आणि काकूंनी निकाल लावला, "जाऊ दे गं, या वयात नाही यायची आता."

मला राग आला तो माझाच. 19 वर्षं प्राथमिक शाळेत शिकवतेय, पहिलीची पोरं वाचती केली, आणि एका काकूंना सायकल शिकवता येऊ नये?

त्याच सुमारास शाळेतल्या एका बाईंकडून कळलं की मोठ्या माणसांना सायकल शिकवणारे शिक्षक तयार करायचं प्रशिक्षण सांगलीत होणार आहे. सलग चार शनिवार-रविवार, विश्रामबागेतल्या एका शाळेचं पटांगण, शिकवायला पुण्याहून एक सर आणि एक मॅडम. मी नाव दिलं. घरी हसले. "तुला सायकल येते की, आता परत काय शिकणार?"

पहिल्या दिवशी आम्ही 11 जण होतो. पी.टी.चे दोन शिक्षक, एक फिजिओथेरपिस्ट, दोन कॉलेजची पोरं, रोज मिरज-सांगली सायकलने करणारे एक निवृत्त पोस्टमन, बाकी माझ्यासारखे. सरांनी ओळखपाळख करायच्या आधीच विचारलं, "सायकल डावीकडे पडायला लागली तर हँडल कुठं वळवता?"

सात जणांनी उजवीकडे म्हणून हात वर केला. त्यात मी होते. पोस्टमनकाकाही होते, आणि त्यांची 35 वर्षं सायकलवर गेलेली.

सर काही बोलले नाहीत. खडूने दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, या मधून होता होईल तेवढ्या हळू जा, आणि स्वतःच्या हातांकडे लक्ष ठेवा. मी गेले. सायकल डावीकडे कलली आणि माझ्या हातांनी मला न विचारता हँडल डावीकडेच वळवलं. दोन्ही चाकं कलत्या अंगाखाली आली, सायकल सावरली. लहानपणी तळहातावर काठी उभी धरायचो ना, काठी कलेल तिकडेच हात न्यावा लागायचा, तसंच हे. मी पटांगणाच्या टोकाला जाऊन नुसती उभी राहिले. म्हणजे काकूंना मी आठ दिवस ओरडून "उजवीकडं, उजवीकडं!" सांगत होते ते पाडायलाच. आणि वर कॅरिअर असं घट्ट धरलेलं की सायकल कलायचीच नाही. मग सावरायचं कसं हे त्यांच्या हातांना कळणार कुठून?

सरांनी सांगितलं, हा आराखडा बराचसा बाहेरून घेतलेला आहे. अमेरिकेत 1880 साली निघालेली सायकलस्वारांची एक संस्था आहे, लीग ऑफ अमेरिकन बायसिक्लिस्ट्स. तिथे शिक्षक व्हायचं तर आधी विद्यार्थी म्हणून त्यांच्या वर्गात बसावं लागतं, मग परीक्षकांसमोर बाकीच्या उमेदवारांना शिकवून दाखवावं लागतं. इंग्लंडमध्ये 2007 पासून बाइकेबिलिटी नावाची सायकल शिकवायची योजना आहे, तिच्या तीन पायऱ्या: आधी बंद मैदान, मग शांत रस्ता, मग वर्दळीचा. आपल्याकडची पद्धत आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. तासाला रुपया देऊन भाड्याची सायकल आणायची, मधल्या नळीखालून पाय घालून लंगडी चालवायची आणि गुडघे फोडून घ्यायचे. दहाव्या वर्षी ते चालून जातं. पन्नाशीत गुडघा फुटला तर घरचे सायकलच विकून टाकतात.

दुसऱ्या दिवशी पायडलं काढायची होती. हो, शिकवायची सुरुवात पायडलं काढूनच. सीट एवढी खाली घ्यायची की दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. मग बसून चालायचं, मग ढांगा टाकायच्या, मग दोन्ही पाय उचलून घरंगळायचं. जर्मनीतल्या ड्राइसने 1817 साली जे दुचाकी यंत्र केलं त्याला पायडलं नव्हतीच, लोक असेच पायांनी रेटत जायचे. पायडलं त्यानंतर चाळीस-पन्नास वर्षांनी आली. आधी तोल, मग पायडल, हा क्रम सायकलच्या इतिहासातलाच आहे, हे मला भलतंच आवडलं.

प्रत्यक्षात मी पंधरा नंबरचा पाना घेऊन बसले. उजवं पायडल सुटलं. डावं हलेना. मी पान्यावर उभी राहिले. करकर आवाज आला, मला वाटलं सुटलं. फिजिओथेरपिस्ट पोरगी म्हणाली, "ताई, ते अजून बसतंय." डाव्या पायडलचे आटे उलटे असतात! उजव्यासारखं फिरवलं की ते सुटायच्या ऐवजी आवळतं. शेवटी ती सायकल ढकलत चौकातल्या दुकानात नेली. मिस्त्रींनी पान्याच्या दांड्याला दीड हात पाइप चढवला, एक हिसका दिला आणि मान वर न करता म्हणाले, "पाना वर धरायचा आन् मागच्या चाकाकडं वढायचा. दोन्हीकडं त्योच नियम. लई शिकल्याली मानसंच आवळून आनत्यात." दहा रुपये घेतले. चार आठवड्यांत ऐकलेलं सगळ्यात नेमकं वाक्य हेच, असं माझं मत आहे.

तिसऱ्या आठवड्यात एकमेकांना शिकवून दाखवायचं होतं. माझ्या वाट्याला ब्रेक आला. मी फळ्यासमोर उभी राहते तशी उभी राहिले आणि सुरू झाले. उजवा ब्रेक आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढच्या चाकाचा, डावा मागचा. पुढचा जास्त जोरात थांबवतो कारण थांबताना वजन पुढे येतं, म्हणून तो एकदम दाबायचा नाही, दोन्ही मिळून हळूहळू आवळायचे. एकही चूक नाही. मॅडमनी मोबाइल दाखवला. दहा मिनिटांपैकी साडेसात मिनिटं मी बोलले होते. "तेवढ्या वेळात त्यांनी ब्रेक किती वेळा दाबला?" दोनदा. पोस्टमनकाकांनी तेवढ्याच वेळात एकच वाक्य बोलून वीस वेळा सायकल थांबवून घेतली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आमच्या धंद्यात गप्प बसणं कोणी शिकवत नाही.

मग आले खरे विद्यार्थी. शेवटच्या आठवड्यात आम्हा दोघा-दोघांना तीन नवखे दिले, आणि सर-मॅडम वही घेऊन बाजूला. तेव्हा कळलं की मोठ्यांना पडण्याची तेवढी भीती नसते, बघणाऱ्यांची असते. म्हणून वेळ सकाळी सहाची, पटांगण मागच्या बाजूचं, आणि नियम असा की घरचं माणूस आत यायचं नाही. तरी एका ताईंचे यजमान कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून "अगं हँडल सरळ धर!" म्हणून ओरडत होतेच. मॅडमनी जाऊन विचारलं, "तुम्ही पण शिकायला आलाय का?" गेले.

माझ्या गटात सांगलीवाडीच्या एक आक्का होत्या, 52 वर्षांच्या. पदर खोचलेला, निऱ्या पिनेने आवळलेल्या, मुलीची शाळेची सायकल घेऊन आलेल्या. पूर्ण चेनकव्हर असलेली लेडीज सायकल, साडीला यापेक्षा बरी नाही. आक्कांची नजर पुढच्या चाकावरून हटेना. चाकाकडे बघितलं की तोल जातोच. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आवरलं आणि नुसतं म्हणाले, "आक्का, त्या गुलमोहरावर कावळा बसलाय का बघा." त्यांनी मान वर केली. पाय उचलले. खडूच्या एक, दोन, तीन, चार रेघा ओलांडून गेल्या, आणि पाय टेकवल्यावर मागे वळून म्हणाल्या, "कावळा न्हाई ओ तिथं."

तासाभराने त्यांनीच पायडलं मागितली. बसवली. पहिलाच पाय मारताना सायकल हलली आणि माझा हात आपोआप मागे गेला.

"बाई, कॅरिअर सोडा!" सर पटांगणाच्या दुसऱ्या टोकावरून ओरडले. सोडलं. आक्का गेल्या.

गटातल्या दुसऱ्या ताई दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. चूक माझी. सायकली कमी पडल्या म्हणून मी त्यांना 26 इंची दिली, सीट पूर्ण खाली घेऊनही त्यांच्या टाचा टेकत नव्हत्या. दोनदा घसरल्या, मनगट खरचटलं. मी फोन केला. "बघू ओ पुढच्या वेळी," म्हणाल्या. पुढची वेळ अजून आलेली नाही.

आणि मी परीक्षेच्या पहिल्या फेरीत नापास झाले. मैदानावर नाही, रस्त्यावर. हरिपूर रस्त्याला सरांनी मागून माझं चालवणं बघितलं. मी 30 वर्षं रस्त्याच्या अगदी कडेला, मातीला घासून चालवत आलेय. त्यामुळे गाड्या अंगावरून जातात आणि खड्डा आला की मी न बघता आत वळते. उभ्या मोटारीच्या इतक्या जवळून गेले की दार उघडलं असतं तर मी त्यात. सर म्हणाले, "तुमचे विद्यार्थी तुमच्याच मागून येणार. ते काय शिकतील?" दोन आठवडे रोज पहाटे सराव केला. कडेपासून हातभर आत, एका रेषेत, वळायच्या आधी मागे नजर, मग उजवा हात. तो हात दाखवताना डाव्या हातात मागचा ब्रेक राहतो, ही सोय माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती. दुसऱ्या फेरीत पास झाले, गुण जेमतेम.

आता दर रविवारी आमचा वर्ग असतो. माझ्या पिशवीत पाना, खडू, टायरला हवा भरायचा छोटा पंप, आणि डाव्या पायडलांना ओळखायला लाल नेलपेंट.

काकू परत आल्या. दोन रविवारांत घरंगळायला लागल्या, तेही पटांगणाच्या उतारावरून सरळ गेटपर्यंत. मी पायडलं काढून दाखवली, बसवू का विचारलं. काकू म्हणाल्या, "राहू दे गं, असंच बरं वाटतंय." महिना झाला. त्यांची पायडलं माझ्या पिशवीत दुधाच्या पिशवीत गुंडाळून पडली आहेत, आणि मी अजून एकदाही पुन्हा विचारलेलं नाही.