"रोज थोडं जास्त चाल"

दादरच्या पुलावर लहानपणी पोलिओ झालेल्या, पायाला कॅलिपर (आधाराचा सांगाडा) लावलेल्या साठीच्या काकू कठड्याला टेकून उभ्या. सोबतचा भाचा समजावत होता, "मावशी, तुझी सवय मोडलीय गं. रोज थोडं जास्त चाल."

प्रेमाने दिलेला, पण नेमका उलटा सल्ला.

पोलिओने लहानपणी मज्जारज्जूतल्या काही चेतापेशी मारलेल्या असतात. उरलेल्या पेशी नवे फाटे फोडून अनाथ स्नायूतंतू सांभाळतात. हा जादा भार वाहून १५ ते ४० वर्षांनी ते फाटे गळायला लागतात. मग नवा अशक्तपणा, अंग मोडून टाकणारा थकवा, थंडी न सोसणं. 'चांगला' पायही सुटत नाही. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. विषाणू परतलेला नसतो, कुणाला लागणही होत नाही.

खात्रीची एकच अशी चाचणी नाही. थायरॉईड, रक्तक्षय, मणक्यातला दाब वगळत वगळत निदान होतं.

व्यायाम हवा, पण दमायच्या आत थांबायचं. दुसऱ्या दिवशीही थकवा उतरला नाही, तर आदल्या दिवशी जास्त झालं समजा. कॅलिपरचं माप आणि वजन पुन्हा तपासून घ्या. आणि ऑपरेशन ठरलं की भूलतज्ज्ञाला पोलिओचं आधीच सांगा (हे हमखास राहतं!), भुलेच्या काही औषधांचा असर जास्त होतो, श्वासाचे स्नायूही कमजोर असू शकतात.

देशात वाइल्ड पोलिओचा (लसीतून नव्हे, नैसर्गिक विषाणूने होणाऱ्या) शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीतला. पण त्याआधी पोलिओ झालेली कित्येक मुलं आता चाळिशी-साठीत आहेत. तुमच्या सोसायटीत आहे का असं कुणी?