पाच तारखेच्या आधीची सांगली

"नाटक बघायला आलायसा?" रिक्षावाल्या काकांनी आरशातून विचारलं. हो म्हटलं. "मग गडबडीनं आलायसा. पाच तारखेला यायचं की."

पाच तारीख मला माहीत होती. १८४३ सालच्या ५ नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून आपण तो दिवस रंगभूमी दिन म्हणून पाळतो. पण यंदा नेमकं पाच तारखेलाच आमच्या ऑफिसात ऑडिट आलं आणि सुट्टी मिळाली ती एक ते चार. म्हटलं, चालेल. लग्नाला जाता येत नसेल तर निदान मांडव घालताना बघून येऊ.

निघण्याआधी पुढचे कार्यक्रम काय आहेत ते फोनवर शोधलं होतं. तिकिटं विकणाऱ्या एका ॲपमध्ये गाव म्हणून सांगली टाकलं, तर त्यानं 'तुमच्या जवळचे' म्हणून मला पुण्यातलेच प्रयोग दाखवले आणि वर बेंगळुरूतला एक स्टँडअप. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका आहे, वस्ती पाच लाखांच्या वर, आणि ॲपच्या लेखी इथं येत्या महिन्यात काहीच घडणार नव्हतं. कोयना एक्स्प्रेसमध्ये समोर बसलेल्या काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमच्याकडं पेपरात येतं. नाहीतर थेटराच्या दारात जायचं."

म्हणून मी लॉजवर बॅग टाकून थेट भावे नाट्यमंदिराच्या दारात गेले.

दारात फ्लेक्स होते. त्यातले निम्मे वाढदिवसाच्या शुभेच्छांचे, तेव्हा ते वगळू. उरलेल्यांत मुंबईच्या एका विनोदी नाटकाचा दौरा होता, जुन्या हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा होता, भरतनाट्यमच्या एका क्लासचा वार्षिक कार्यक्रम होता. त्याच्या फ्लेक्सवर साठेक मुलींचे पासपोर्ट फोटो, प्रत्येकीच्या घरचे दोन धरले तरी पहिल्या दहा रांगा भरल्या म्हणायच्या. ५ तारखेच्या पदकप्रदानाचा फलक सगळ्यांत वर. विष्णुदास भावे गौरव पदक इथली अखिल महाराष्ट्र नाट्यविद्या मंदिर समिती दरवर्षी याच दिवशी देते, आणि नटमंडळींत या पदकाची जी किंमत आहे ती भल्या मोठ्या रकमेच्या पुरस्कारांनाही नाही. पण माझा डोळा गेला तो आतल्या भिंतीवर चिकटवलेल्या एका साध्या कागदाकडे. राज्य हौशी नाट्य स्पर्धेचं वेळापत्रक. तारीख, संस्था, नाटक, लेखक, दिग्दर्शक. टाइप करणाऱ्यानं एका संस्थेच्या नावात 'कला' दोनदा टाकलं होतं आणि कुणीतरी निळ्या पेनानं एक 'कला' खोडली होती.

मी तो कागद वाचत होते तेव्हा आतून झाडूचा आवाज येत होता. पाच तारखेला सकाळी रंगमंचाचं पूजन असतं, त्याची तयारी. पहारेकऱ्याला विचारलं, आत डोकावू का? "चपला काढून जावा." रिकाम्या नाट्यगृहाला एक वास असतो, खुर्च्यांच्या कापडाचा, धुळीचा आणि थोडासा पावडरीचा. तो तिथं होता. शिडीवर चढलेला एक मुलगा लाईट फिरवत होता आणि खाली उभे असलेले गृहस्थ "अजून डावीकडं, अजून, आता माझ्या टकलावर पडला, बास" असं करत होते.

भाव्यांची गोष्ट आपण शाळेत इतकी चटकन उरकतो की तिच्यातली गंमत हाताला लागत नाही. १८४२ साली कर्नाटकातल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत आली. त्यांचे यक्षगानाच्या, म्हणजे तिकडच्या नाचगाण्याच्या लोकनाट्याच्या धाटणीचे खेळ संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांनी पाहिले आणि असं काहीतरी मराठीत व्हावं असं त्यांच्या मनानं घेतलं. काम दिलं ते विष्णुपंत भाव्यांना. हा तरुण पद्यं रचायचा, बाहुल्याही फार उत्तम करायचा (त्यांच्या बाहुल्या पुढे रामदास पाध्यांनी पुन्हा हलत्याबोलत्या केल्या). वर्षभरात खेळ उभा राहिला. सूत्रधार पद्यं म्हणणार, विदूषक मस्करी करणार, गणपती येऊन जाणार, सरस्वती मोरावर बसून नाचत येणार आणि मग राक्षसांचा 'अलल डुर्र' असा हैदोस. संवाद लिहिलेले नव्हते. पद्याचा धागा धरून नटांनी आपापलं भाषण जागच्या जागी करायचं.

तंजावरच्या मराठी राजांनी याच्या दीडशे वर्षं आधी मराठी नाटकं लिहिली होती, हे खरं आहे, आणि सांगलीत हा विषय काढला तर चहा थंड होईपर्यंत वाद चालतो. मी काढला नाही. मला जास्त भावते ती पुढची गोष्ट. १८५१ मध्ये अप्पासाहेब गेले, दरबारचा आधार सुटला, तेव्हा भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ झाले. म्हणजे दौरा, तिकीट, गल्ला, हे सगळं सुरू झालं कारण घरचा पगार बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिपूर. सांगलीपासून अगदी जवळ, वारणा इथं कृष्णेला मिळते. घाटावर संगमेश्वराचं देऊळ आहे आणि गावात हळदीची पेवं. पेव म्हणजे जमिनीखालची कोठी. तोंड माणूस उतरेल एवढं, आत पोट मोठं, तिथं हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं कामातून गेली. याच हरिपुरात १८५५ साली गोविंद बल्लाळ देवल जन्मले. थोराड म्हाताऱ्याशी कोवळ्या पोरीचं लग्न लावण्याच्या धंद्यावर त्यांनी १८९९ मध्ये 'शारदा' आणलं. देवलांची जयंती १३ नोव्हेंबरला. सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची २५ ला. म्हणजे इथला नोव्हेंबर असा जयंत्यांनी भरलेला, आणि खरं सांगायचं तर याच गोष्टीची मला जरा धास्ती होती. जयंत्या मोजणारं गाव पुष्कळदा फक्त हारच घालत बसतं.

ती धास्ती त्या रात्री एका शाळेच्या वर्गात गेली.

रिक्षावाल्या काकांच्या भाच्याची तालीम होती. काकांनीच नेलं. "आमचा भाचा हिरो नाही, पण दुसऱ्या अंकात मरतोय." बाकं भिंतीला सरकवलेली, फरशीवर खडूनं घर आखलेलं: इथं दार, इथं सोफा, इथं गॅलरी. दाराच्या रेघेवर पाय पडला की दिग्दर्शक ओरडत, "भिंतीतून आलास!" दिवसा ते मोटारपंपांचं दुकान चालवतात. आईचं काम करणाऱ्या बाई बँकेत कॅशियर. त्या साडेसातला आल्या, पर्समधून स्क्रिप्ट काढली, पदर खोचला आणि पहिल्याच वाक्याला वर्ग गप्प झाला. त्या बाईंचा आवाज वर जात नव्हता. खाली जात होता, आणि तरी मागच्या बाकापर्यंत ऐकू येत होता. असा आवाज मी पुण्यात पाचशे रुपयांचं तिकीट काढून वर्षातून एकदा ऐकते.

भाचा मात्र अडला होता. त्याचं वाक्य असं: "तसं होतं तर आम्हाला कळवायचं होतं."

"तसं होतं तर आम्हाला कळवायचं होतं की."

"की नको," दिग्दर्शक म्हणाले. "तो दादरचा आहे."

"तसं होतं तर आम्हाला कळवायचं होतं." शांतता. मग अगदी बारीक, "...की."

सगळे फुटले. पाच वेळा झालं. सहाव्या वेळी 'की' गेला, पण त्याच्याबरोबर वाक्यातला रागही गेला. भडंगाचा कागद फिरला तेव्हा मी भीत भीत विचारलं, दादरला राहणारा माणूस मूळचा सांगलीचा असू शकत नाही का? दिग्दर्शकांनी शेंगदाणे वेचत माझ्याकडं पाहिलं. "असू शकतो की. पण परीक्षक म्हणणार, उच्चारांवर काम हवं होतं. मागच्या वर्षी तेच लिहिलंय." मला याचा राग आला आणि अजून आहे. ज्या गावानं कानडी खेळ बघून स्वतःच्या बोलीत नाटक उभं केलं, त्या गावच्या पोरांनी दीड महिन्यातले आठ दिवस एक 'की' काढण्यात घालवायचे.

खर्चाचा हिशोबही तिथंच ऐकला. तालमीची जागा शाळा फुकट देते. सेटचं प्लायवूड ओळखीच्या सुताराकडून उधार, टेंपो एका नटाच्या मामाचा. थिएटर त्यांच्या हातात येणार ते प्रयोगाच्या दिवशीच. सेट लावायचा, लाईट बसवायचे, जमलं तर एकदा धावती तालीम आणि संध्याकाळी तिसरी घंटा. दीड महिन्याची रात्रपाळी एका संध्याकाळसाठी. नंबर आला तर अंतिम फेरी, नाहीतर प्लायवूड परत.

तिसरा दिवस मिरजेचा. सांगलीहून दहाएक किलोमीटर, पण गाव उतरल्या उतरल्या कान बदलतात. सांगली नाटकाची तर मिरज गाण्याची, असं इथले लोक वाटणी केल्यासारखं सांगतात, जरी बालगंधर्व पहिल्यांदा रंगमंचावर उभे राहिले ते मिरजेतच, १९०५ साली, किर्लोस्कर मंडळींच्या 'शाकुंतल'मध्ये.

तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीत शिरले तर दारोदारी भोपळे. मंगळवेढा-पंढरपूरकडून येतात, वाळून टणक झालेले, छताला टांगलेले. ही घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची गिऱ्हाइकी आटली तेव्हा फरीदसाहेबांसारख्यांनी तंबोऱ्याला हात घातला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं दिसतं.

एका दुकानात वयस्क कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून तारेत गुंजन आणत होते. मांडीवर तंबोरा, हातात बारीक कानस. तार सैल करून बाजूला सारायची, घोडीवर दोन हलके हात फिरवायचे, पुन्हा तार चढवायची, तारेखाली दोरा सरकवायचा, छेडायची, डोळे मिटून ऐकायचं. पुन्हा सैल. मी तिथं पाऊण तास बसले आणि त्या वेळात एकाच तारेचं काम झालं. सुरुवातीला ती तार नुसती वाजत होती. शेवटी शेवटी तिच्यातून मधमाश्यांसारखा एक दुसरा आवाज निघायला लागला आणि तो तार थांबल्यावरही खोलीत राहिला. मी विचारलं, किती घासायचं हे कसं कळतं? "जास्त घासल्यावर कळतं," ते म्हणाले.

भिंतीला टेकवलेल्या दहा-बारा वाद्यांना कागदाच्या चिठ्ठ्या बांधलेल्या होत्या: पुणे, धारवाड, पुणे, मुंबई, पुणे. डिसेंबरातल्या मैफलींच्या आधी जवारीला आलेली. पुढच्या महिन्यात कुठं कोण गाणार याचा अंदाज त्या चिठ्ठ्यांवरून चांगला लागत होता, ॲपपेक्षा तरी नक्कीच.

तिथून ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, या दर्ग्यात सेवा म्हणून गायचे, आणि १९३७ मध्ये प्रवासात असताना दक्षिणेतल्या एका स्टेशनच्या फलाटावर गेले तरी त्यांना आणलं इथंच. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, ती चिंचेच्या झाडाखाली. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, सवाईंचे शिष्य भीमसेन, आणि भीमसेनांनी गुरूच्या नावानं पुण्यात उभा केलेला महोत्सव. दर डिसेंबरात मी ज्या मांडवात पोळीभाजीचा डबा घेऊन बसते, त्याची मुळी या अंगणात आहे हे मला वाचून ठाऊक होतं. तरी तिथं बसल्यावर जरा वेळ काही बोलावंसं वाटलं नाही. उरुसाच्या तारखा चंद्रावर सरकतात, तेव्हा यंदा कधी म्हणून एका आजोबांना विचारलं. त्यांनी बोटांवर महिने मोजले, मधेच चुकले, पुन्हा मोजले, आणि म्हणाले, "थंडीत या. नुसतं बसायचं. तिकीट नसतं."

नवरात्रातला अंबाबाईच्या देवळातला संगीत महोत्सव नुकताच हुकला होता. पुढच्या वर्षासाठी वहीत लिहून ठेवला.

चार तारखेला निघताना रिक्षा मुद्दाम नाट्यमंदिरावरून घ्यायला सांगितली. दाराला झेंडूची तोरणं चढत होती, वाढदिवसाचे फ्लेक्स उतरले होते. शिडीवरचा परवाचा मुलगा आज गेटबाहेर रांगोळीसाठी जागा धुत होता.

गाडी सुटली. भिलवडी आलं, बालगंधर्वांचं नागठाणं इथून जवळच. किर्लोस्करवाडीच्या आसपास फोन वाजला. काकांच्या भाच्यानं पाठवलं होतं, "की ठेवायचं ठरलं. सर म्हणाले बघू." मी त्यांच्या प्रयोगाच्या तारखेचं तिकीट काढायला घेतलं. वेटिंग चौदा.