नंबर पुसलेला बोअरिंग बार: टीप सापडली

जुन्या बाजारातून उचललेला १२ मिमीचा बोअरिंग बार (लेथवर भोक आतून कापून मोठं करायचं हत्यार) महिनोन्‌महिने ड्रॉवरमध्ये पडून होता. स्टीलचा दांडा, स्क्रू जागेवर, पण टीप (टोकावर स्क्रूने बसणारा, बदलता येणारा कापणारा तुकडा) नाही आणि दांड्यावरचा नंबर पार घासून गेलेला. नंबर असता तर प्रश्न मिनिटात सुटला असता: 'एस१२एम-एसटीएफसीआर११' म्हणजे स्टीलचा १२ मिमी दांडा, १५० मिमी लांबी, स्क्रूने धरलेली त्रिकोणी टीप, ७ अंश क्लिअरन्स (धारेखाली टिपेच्या बाजूंचा आत जाणारा उतार), उजवा हात, ११ मिमीची धार. तो नसल्यामुळे सगळं पॉकेटलाच, म्हणजे टीप बसते त्या खाचेलाच, विचारावं लागलं.

आकार सोपा निघाला. आटे कापताना लागणारं ६० अंशाचं सेंटर गेज पॉकेटच्या दोन भिंतींत नीट बसलं, म्हणजे 'टी', त्रिकोणी.

मग साईज. त्रिकोणी टिपेत बसणाऱ्या वर्तुळाचा व्यास ५.५६, ६.३५ किंवा ९.५२५ मिमी असतो आणि धारेची लांबी त्याच्या १.७३ पट, म्हणून कोडमध्ये ०९, ११, १६ येतात. पॉकेटमधल्या भोकात २ मिमीच्या ड्रिलची शेपूट घालून भोकाच्या मध्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर काढलं: साधारण ३.१ मिमी. ६.३५ चं निम्मं ३.१७५, मग थोडं कमी का? कारण बारमधलं भोक मुद्दामच भिंतीकडे किंचित सरकवलेलं असतं. स्क्रू आवळला की तो टीप भिंतीवर ओढून बसवतो. ५.५६ ची टीप असती तर आकडा २.७८ च्या खाली दिसला असता. तेव्हा ११ पक्कं.

टिपेचं टोक दांड्याच्या मध्याच्या उंचीवर यायला हवं, म्हणून जाडीसाठी बार त्याच्या सपाट बाजूवर सरफेस प्लेटवर (मोजमापाच्या सपाट पाटावर) ठेवला. दांड्याचा मध्य ५.५ मिमी वर, टोकाकडे पॉकेटचा तळ ३.१ वर. फरक २.४, म्हणजे २.३८ मिमीची टीप, कोड ०२. तिथे ०३ ची, म्हणजे ३.१८ मिमीची बसवली असती तर टोक मध्याच्या ०.८ मिमी वर गेलं असतं. भोकात टोक वर गेलं तर टिपेची टाच (धारेखालचा भाग) घासत नाही हे खरं, पण रेक (टिपेच्या वरच्या बाजूचा कल) उणे होतो आणि असा सडपातळ बार लगेच ओरडू लागतो.

खरी गोम क्लिअरन्समध्ये आहे. टीसीएमटी नावाची त्रिकोणी टीप ७ अंशाची, टीपीएमटी ११ अंशाची. वरून पाहिलं तर दोन्ही ११०२०४ (धार ११, जाडी ०२, नाक ०४) सख्ख्या बहिणी, आणि स्क्रू दोन्हींना बसतो! भोसरीत शॉप असलेल्या एका मित्राकडून दोन्हींच्या वापरून झालेल्या टिपा आणल्या, बाजूंना परमनंट मार्कर फासला, आवळल्या, सोडल्या. ११ अंशाचीवर भिंतीच्या वरच्या काठाची बारीक रेघ उमटली, बस्स. ७ अंशाचीवरचा रंग रुंद पट्ट्यात निघाला. टीसीएमटी.

शेवटचे दोन आकडे, नाकाची त्रिज्या, पॉकेट सांगत नाही. ते आपण ठरवायचं. दुकानदार आधी ०८ पुढे करतो, कारण तीच जास्त खपते. पण बारीक बारवर ०.८ ची त्रिज्या कापण्यापेक्षा बाजूला ढकलते जास्त, विशेषतः कट त्रिज्येपेक्षा उथळ असला की. मी ०४ घेतली. फिनिशचा हिशोब फीडचा (दर फेऱ्यात टीप पुढे सरकते त्या अंतराचा) वर्ग भागिले आठपट त्रिज्या: ०.१ फीडला ०.४ त्रिज्येने खाचा ३ मायक्रॉनच्या, ०.२ ने ६ च्या. फीड ०.०५ केला की दोन्ही चौथाईवर येतात. तेव्हा ०२ ही वाईट नाही, फक्त तिचं टोक नाजूक.

पहिला जॉब: ६०८ बेअरिंगसाठी माइल्ड स्टीलमध्ये २२ मिमीची सीट, ७ मिमी खोल. ८०० आरपीएम म्हणजे सुमारे ५५ मीटर प्रति मिनिट. कार्बाइडला पुस्तकात यापेक्षा बरंच जास्त सांगतात, पण माझ्या लेथची मोटर ते ऐकत नाही. बार २५ मिमीच बाहेर ठेवला. स्टीलच्या दांड्याला व्यासाच्या चौपटीपर्यंत, म्हणजे ४८ मिमीपर्यंत चालतं. ०.५ च्या कटला बुर (कापून निघालेला धातू) तुटून पडत होता, ०.१ ला मात्र लांब धागे. फिनिशसाठी ग्राइंड केलेली टीसीजीटी मागवली आहे. ती ॲल्युमिनियमसाठी म्हणून विकतात, पण धार तीक्ष्ण असल्यामुळे हलक्या मशीनवर स्टीलच्या उथळ कटलाही बरी पडते.

सोबत एम२.५ चे जादा स्क्रू आणि टी८ ची टॉर्क्स की मागवली आहे. जुन्या स्क्रूचं डोकं झिजत आलंय.