पांढरे पट्टे टिकवायचे तर

नाशिकच्या बहुतेक रोपवाटिकांमध्ये हिरव्या पानांवर पांढऱ्या रेघा असलेले, टांगत्या कुंडीच्या कडेवरून खाली लोंबणारे एक रोप हमखास दिसते. विक्रेते ते ‘वाँडरिंग ज्यू’ म्हणून देतात आणि त्याच नावाखाली जांभळ्या-चंदेरी पानांची झेब्रिनाही खपते. मी येथे लिहीत आहे ते ट्रॅडेस्कॅन्शिया फ्लुमिनेन्सिसच्या पट्टेरी प्रकाराविषयी. ही जात मूळची ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिना या भागातली, सावलीच्या दमट जंगलात जमिनीलगत पसरणारी. आपल्या शेतात पावसाळ्यात माजणारा केना याच कुळातला आहे, आणि उपटून बांधावर फेकलेला केना पेराला मुळे फोडून पुन्हा कसा धरतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या रोपाच्या चिवटपणाबद्दल वेगळे सांगायला नको.

त्यामुळे हे रोप जगवायचे कसे, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो, ते जगतेच. जपावे लागतात ते त्याचे पट्टे. पानाच्या पांढऱ्या भागातील पेशींमध्ये हरितद्रव्य नसते, म्हणजे तो भाग अन्न तयार करत नाही आणि हिरव्या भागाच्या जिवावर पोसला जातो. वाढीच्या शेंड्यात हरितद्रव्य असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी असतात. एखादा कोंब केवळ हिरव्या पेशींमधून फुटला की ती संपूर्ण फांदी हिरवी निघते, पट्टेरी फांद्यांपेक्षा अधिक अन्न बनवते, अधिक वेगाने वाढते, आणि दुर्लक्ष झाले तर पाहता पाहता सगळी कुंडी साध्या हिरव्या पानांनी भरून जाते. झेब्रिनाच्या बाबतीत ही अडचण जवळपास येत नाही, कारण तिच्या पानावरची चंदेरी झाक त्वचेखालील हवेच्या सूक्ष्म पोकळ्यांमुळे दिसते आणि त्या पोकळ्यांच्या खाली हिरव्या पेशी शाबूत असतात.

यावर उपाय एकच, तो म्हणजे कात्री. द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी बहुतेकांना ऐकून तरी माहीत असते. या रोपाला मात्र असे वेळापत्रक नाही. हिरवी फांदी दिसेल त्या दिवशी ती जिथून फुटली आहे तिथपर्यंत, पट्टेरी पान असलेल्या पेरापाशी, कापून टाकावी. नुसता शेंडा खुडून भागत नाही, कारण मागे राहिलेल्या हिरव्या पेरातून पुन्हा हिरवाच फुटवा येतो. याच्या उलट, एखादी फांदी पूर्ण पांढरी किंवा फिकट गुलाबी निघाली तर ती मोहक दिसते, परंतु तिचे कलम लावण्यात अर्थ नाही. स्वतःचे अन्न न बनवणारी फांदी मूळ रोपापासून तुटली की फार काळ तग धरत नाही. कलमासाठी हिरवा आणि पांढरा भाग साधारण सारख्या प्रमाणात असलेलीच फांदी निवडावी.

प्रकाश भरपूर हवा, पण थेट ऊन नको. पूर्वेच्या खिडकीतले सकाळचे कोवळे ऊन चालते. नाशिकचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांपर्यंत जातो तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतल्या पानांचा पांढरा भाग आधी करपतो, आणि कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी ही बारीक कीडही होते. अंधाऱ्या कोपऱ्यात वेगळेच होते: पेरांमधील अंतर वाढते, पाने लहान राहतात आणि पट्टेरी फांद्या आणखी मागे पडतात. हिवाळ्यात किमान तापमान दहा अंशांच्या खाली उतरते, म्हणून गच्चीतली किंवा बाल्कनीतली कुंडी त्या दिवसांत रात्री आत घ्यावी आणि पाणी कमी करावे. एरवी मातीचा वरचा दोन-तीन सेंटीमीटरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. पोयट्याच्या मातीत कोकोपीट, थोडे गांडूळखत आणि निचऱ्यासाठी जाडसर वाळू एवढे पुरते. नत्रयुक्त खताचा मारा करू नये, असे माझे मत आहे. त्याने पाने फोफावतात, पण देठ लुसलुशीत होऊन मोडतात.

कितीही निगा राखली तरी वर्ष-दीड वर्षात बुंध्याजवळची पाने गळून कुंडीच्या मध्यभागी टक्कल पडते. तो रोग नव्हे, या रोपाची रीतच तशी आहे. अशा वेळी आठ-दहा सेंटीमीटरचे पट्टेरी शेंडे कापून, खालची पाने काढून त्याच कुंडीत दाटीने खोचावेत. पावसाळ्यातल्या दमट हवेत ते सहज मुळे धरतात. पाण्यात ठेवले तरी आठवड्याभरात मुळे दिसू लागतात. एका कुंडीत सात-आठ शेंडे लावले तरच ती भरगच्च दिसते.

कापलेल्या फांद्या नाल्यात, नदीकाठी किंवा मोकळ्या प्लॉटवर फेकू नयेत. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात हेच रोप बागांमधून निसटून जंगलांची डोकेदुखी ठरले आहे, आणि तेही बियांपेक्षा अशा तुटक्या पेरांच्या बळावर. घरात कुत्रा असेल तर कुंडी उंच टांगावी. या पानांच्या संपर्काने कुत्र्यांच्या पोटाला व पंजांना खाज सुटून त्वचा लाल होते. छाटणीचा कचरा उन्हात पूर्ण वाळवून, पेरे कोरडी ठणठणीत झाल्यावरच कंपोस्टमध्ये टाकावा.