प्लिमथ ग्रोव्हवरची जेवणाची खोली

मँचेस्टरला मुलीकडे गेले होते. ती ऑफिसला गेली की दिवस माझा. एका सकाळी छत्री घेऊन पिकॅडली स्टेशनपासून चालत निघाले. मोठं हॉस्पिटल, साधी घरं, बसचा रस्ता आणि मधेच खांबांच्या पोर्चची, पांढरट भिंतींची एक ऐसपैस कोठी. ८४, प्लिमथ ग्रोव्ह. इंग्रजी कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल १८५० पासून शेवटपर्यंत इथे राहिल्या. घर मोडकळीला आलं होतं, ते दुरुस्त करून २०१४ साली लोकांसाठी उघडलं.

दिवाणखान्यातल्या पडद्यांपाशी आधी थांबले. 'जेन एअर' लिहिणारी शार्लट ब्राँटी या घरी पाहुणी असताना कुणीतरी अनोळखी आलं, तर ती लाजून पडद्याआड लपली होती. पण माझा पाय अडला तो जेवणाच्या खोलीत. नवरा विल्यम पाद्री, त्याला पुस्तकांनी भरलेली स्वतंत्र अभ्यासिका. बाई लिहायच्या त्या इथे, खिडकीजवळच्या टेबलाशी. स्वयंपाकीण विचारायला येणार, चार मुलींपैकी कुणीतरी डोकावणार, दाराशी पाहुणा येणार, आणि त्यातूनच पान पुढे सरकणार. किती ओळखीचं वाटलं ते! मी तिथे बराच वेळ उभी होते.

३१ जानेवारी १८५० चं डिकन्सचं पत्र त्यांना आलं. तो 'हाउसहोल्ड वर्ड्स' नावाचं साप्ताहिक काढत होता आणि 'मेरी बार्टन' लिहिणाऱ्या बाईंइतकं दुसऱ्या कुणाचं साहाय्य मला नको, अशा अर्थाचं त्यात लिहिलं होतं. बाईंची ती कादंबरी १८४८ मध्ये निनावी आलेली. तान्हा मुलगा गेल्याच्या दुःखातून बाईंनी लिहायला घेतलेली. इंग्लंडातला सर्वांत लोकप्रिय लेखक आपण होऊन दार ठोठावतो, याचं मोल मला फार वाटतं. ३० मार्चच्या पहिल्याच अंकात त्यांची 'लिझी ली' ही कथा सुरू झाली. नाव मात्र नाही. त्या साप्ताहिकात लेखकांची नावं छापत नसत, पानांच्या माथ्यावर नाव एकच, चार्ल्स डिकन्स.

मानधनाचे २० पौंड आले. एवढे पैसे पाहून आपण कुणाला फसवत तर नाही ना, असं बाईंना वाटलं. मैत्रिणीला त्यांनी पुढे लिहिलंय की विल्यमने ते शांतपणे खिशात घालून बटण लावलं. लग्न झालेल्या बाईची कमाई कायद्याने नवऱ्याची. ते बदलायला १८७० उजाडलं, तोवर बाई गेल्या होत्या.

डिकन्स त्यांना पत्रात 'माझी लाडकी शहरजाद' म्हणायचा. अरबी गोष्टींतली ती शहरजाद रोज गोष्ट सांगून जीव वाचवते. हाताखाली लिहिणाऱ्या बाईला हे नाव देणं मला कौतुकाचं वाटतं आणि खुपतंही. १८५१ च्या डिसेंबरात त्याच साप्ताहिकात बाईंच्या 'क्रॅनफर्ड'चा पहिला भाग आला. त्यात कॅप्टन ब्राउन डिकन्सचेच 'पिकविक पेपर्स' वाचण्यात गुंगलेला असतो. आपल्याच अंकात आपली तारीफ नको म्हणून डिकन्सने तिथे कवी हूडचं नाव घातलं. हेतू चांगला, पण मजकूर बाईंचा होता. १८५३ ला पुस्तक निघालं तेव्हा त्यांनी 'पिकविक' परत जागेवर आणलं.

खरी ओढाताण झाली 'नॉर्थ अँड साउथ' या कादंबरीच्या वेळी. बाईंच्या मनात नाव होतं 'मार्गारेट हेल', आत्ताचं नाव डिकन्सने सुचवलं. नाव त्याचंच चांगलं, हे मी मान्य करते. पण दर आठवड्याला ठरलेल्या जागेत, उत्सुकता ताणून धरणारा तुकडा हवा, हा त्याचा हट्ट. आणि माणसं हळूहळू उलगडत नेणं हा बाईंचा स्वभाव. त्या कापाकापीला दाद देईनात. १८५५ मध्ये डिकन्सने आपल्या सहसंपादकाला लिहिलं, की मी गॅस्केलसाहेब असतो तर अरे देवा, या बाईला कसं बडवलं असतं! हे वाक्य मी आधी वाचलेलं होतं, पण त्या खोलीत ते आठवलं आणि अंगावर काटा आला. कापाकापीच्या हट्टाला बाईंनी उत्तर दिलं ते लिहून. पुस्तकासाठी शेवट वाढवला आणि साप्ताहिकाच्या अटींमुळे शेवटी घाई करावी लागली, हे प्रस्तावनेत स्वच्छ सांगून टाकलं.

त्याने बोलावलं नसतं तर 'क्रॅनफर्ड' झालं असतं का, मला शंका आहे. बाई पुढेही त्याच्यासाठी लिहीत राहिल्या, पण 'वाइव्ह्ज अँड डॉटर्स' त्यांनी 'कॉर्नहिल' मासिकाला दिली. महिन्याला एक भाग, ऐसपैस जागा. मला ही त्यांची सर्वांत मोकळी कादंबरी वाटते.

तळघरातल्या चहाच्या खोलीत बसले तेव्हा बाहेर पाऊस वाढला होता. मला ते २० पौंड आठवत होते. कारण १८६५ मध्ये बाईंनी लिखाणाच्या कमाईच्या जोरावर, थोडं प्रकाशकाकडून कर्ज घेऊन, हॅम्पशरमधल्या होलीबोर्न गावी एक घर घेतलं. विल्यमला न सांगता. त्याला नंतर चकित करायचं होतं. १२ नोव्हेंबरला त्याच घरात, मुलींबरोबर चहा घेताना, बोलता बोलता त्या गेल्या. 'वाइव्ह्ज अँड डॉटर्स'चं शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलं होतं.